फाटकाला बांधलेला झुला

कूकाला मी पन्नास वर्षं ओळखते. या पन्नास वर्षांत ती कुणासाठी बाजूला सरकल्याचं मला आठवत नाही. चर्चच्या बाकावरसुद्धा ती मधोमध बसते. तिचं खरं नाव रेफुहिओ, पण आमच्या पुंता सोर्दा गावात ते फक्त पाद्रीबाबांना ठाऊक. बाकी सगळ्यांची ती दोन्या कूका, म्हणजे कूकाबाई.

मोठं वादळ आलं त्या साली तिचं घर समुद्रात गेलं. नवरा त्याआधीच उत्तरेला कामाला गेला होता, तो तिकडचाच झाला. "वादळ एकदाच आलं, बाई. नवरा परत आला असता तर दर वर्षी आला असता," असं ती मला म्हणाली आणि दोन माडांना जाळीचा झुला बांधून झोपली. आठवड्याभरात पाठीवर सॅक घेतलेला एक पोरगेलासा प्रवासी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अजून एक झुला मिळेल का, म्हणाला. तिने बांधून दिला, सकाळी काळ्या घेवड्याचं कालवण आणि मक्याच्या दोन भाकऱ्या वाढल्या. तेव्हापासून तिचा धंदा सुरू झाला. पुढे झावळ्यांचं छप्पर आलं, वीस झुले झाले, न्हाणीघराला दार लागलं. भाव मात्र वाढला नाही. शेजारी मी मासे तळते. मीच तिला सांगायचे, "अगं, थोडं तरी वाढव." ती म्हणायची, "ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना झोपायला सगळी दुनिया आहे. बाकीच्यांनी कुठे जायचं?"

मग डोंगराच्या कडेला ते पांढरं हॉटेल उभं राहिलं. हमरस्त्यावर टेम्पोतून उतरलं की किनाऱ्याला यायला एकच जवळची वाट, हॉटेलच्या भिंतीला लागून असलेला बोळ. एका सोमवारी त्या बोळात लोखंडी फाटक बसलं. हॉटेलच्या पाहुण्यांच्या मनगटावर निळी पट्टी असायची. पट्टी असेल तो आत, नसेल त्याने डोंगराला वळसा घालून यायचं, तासाभराची चाल.

फाटकावर नवा कोरा गणवेश घालून कोण उभा असावा? एवारिस्तो. कूकाचा जावई, तिच्या एकुलत्या एका लेकीचा नवरा.

आम्ही दोघी बाजारातून येत होतो. टोमॅटोची टोपली तिच्या हातात.

"सासूबाई," तो खाली बघत म्हणाला, "पट्टी आहे का हातात?"

"माझ्या हातात टोपली आहे, जावईबापू. डोळे लग्नात गहाण ठेवलेत का?"

"तुम्हाला देतील ना पट्टी. मी साहेबांशी बोललोय."

"आणि माझ्याकडे उतरणाऱ्यांना? हिला? मासे पकडणाऱ्या लोकांना?"

त्याने फाटक उघडलं आणि आम्ही आत आलो. संध्याकाळी हॉटेलचे ते साहेब, बार्रागान नावाचे, स्वतः तिच्या छपराखाली आले. तुम्हाला चादरी धुण्याच्या खात्याची मुकादम करतो, म्हणाले, पगार, जेवण, सगळं. कूकाने त्यांना लिंबाचं सरबत पाजलं. "माझ्याकडे चादरीच नाहीत म्हणून मी सुखात आहे," ती म्हणाली. "सरबत संपलं असेल तर उठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आपला सगळ्यात जुना झुला खांद्यावर टाकून निघाली. फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत तो बांधला आणि त्यात आडवी झाली. पाहुण्यांचं सामान नेणारी छोटी गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला.

"वाजव," ती म्हणाली. "मला झोप छान लागते."

माणसं वाकून खालून जात, मुलं हसत हसत जात. गाडी मात्र जाईना. तिच्याकडे उतरलेल्यांनीही झुले आणले. कानाला पिसं लावणारं एक जोडपं होतं, परीक्षेत नापास होऊन आलेला एक विद्यार्थी होता. बोळात झुल्याला झुला लागला. मी दुपारी तिथेच चूल मांडली. तालुक्याहून दोन पोलीस आले, त्यांनी फाटकाच्या परवानगीचा कागद मागितला. कागद उद्या येईल, असं साहेब म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

नवव्या दिवशी साहेबांचा तोल गेला. सगळ्यांसमोर त्यांनी एवारिस्तोच्या हातात कोयता दिला. "काप. नाहीतर गणवेश काढ."

मला वाटलं, हा काही कापायचा नाही. कूकालाही तसंच वाटलं असावं, कारण ती उठून बसलीसुद्धा नाही. पण त्याची दोन पोरं शाळेत शिकत होती. त्याने डोळे मिटले आणि कोयता चालवला.

कूका कमरेवर आपटली. हाड वाजल्याचा आवाज मी ऐकला. मी धावले, तर तिने मला हाताने थांबवलं. खांबाला धरून ती उठली, दोरीचं तुटलेलं टोक उचललं, खांबाभोवती फिरवलं. गाठ बसेना.

"एवारिस्तो," ती म्हणाली, "इथे बोट ठेव. गाठ सुटतेय."

आणि त्याने ठेवलं. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताचं बोट सासूच्या गाठीवर. तिने दोरी आवळली, तो बोट काढून घेईपर्यंत थांबली आणि पुन्हा आडवी झाली.

साहेबांनी त्याला तिथेच कामावरून काढलं.

चारच दिवसांनी ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागला. गुरुवारी सकाळी डोंगरापलीकडच्या गावांतून टेम्पो भरभरून लोक आले, दर वर्षी येतात तसे. पातेली, गाद्या, कलिंगडं, म्हाताऱ्या आज्या, कोंबड्यासुद्धा. हे लोक वर्षातून चारच दिवस समुद्र बघतात. फाटकापाशी सगळे तुंबले. पिवळी रुंद काठाची टोपी घातलेल्या एका जाड्या बाईने विचारलं, "हे काय आहे?"

"फाटक," कूका झुल्यातून म्हणाली. "पट्टीवाल्यांसाठी."

"आमच्याकडे गादी आहे," ती बाई म्हणाली आणि मागे वळून ओरडली, "अरे, या रे इकडे सगळे!"

आठ-दहा पुरुष पुढे झाले. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी काही फोडलं नाही. त्यांनी फाटक बिजागरीवरून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. कूकाने स्वतः झुला सोडला आणि वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदाच! मग दोनेकशे माणसं पातेल्यांसकट समुद्राकडे गेली. पुढे तालुक्याहून फाटक पुन्हा न लावण्याचा कागद आला.

कूका अजून लंगडते. एवारिस्तो दोन महिने तिच्या दारात आला नाही. मग तो उसना टेम्पो चालवायला लागला. एका दुपारी सॅकवाली चार माणसं घेऊन आला आणि बाहेरच उभा राहिला.

"तुमच्यामुळे माझी नोकरी गेली," तो म्हणाला.

"गेली," ती म्हणाली.

"आणि माझ्यामुळे तुमची कंबर."

"तीही गेली." तिने ताटली पुसली, घेवडा वाढला, वर मिरची ठेवली. "माझा राग अजून उतरलेला नाही. तुझा?"

"माझाही नाही."

"मग बस. रागाने माणूस दोन भाकऱ्या जास्त खातो."

तो बसला. त्याने चार खाल्ल्या.