साडेसात मीटर कापड

काल दुकानात कोऱ्या कापडाचा वास आला आणि हदगावच्या शाळेतली रुबिना आठवली. शिंप्याची ही मुलगी दशांशांच्या भागाकाराला घाबरून शाळाच सोडायला निघाली होती.

मी फळ्यावर ७.५ ÷ १.२५ लिहिलं. ती रडवेली झाली.

"बाई, ह्ये टिंबच कळत न्हाई."

"साडेसात मीटर कापड आहे. एका फ्रॉकला सव्वा मीटर लागतं. किती फ्रॉक होतील?"

तिनं मनातल्या मनात कापड पसरलं. मग खडू घेऊन मीटरचे सेंटिमीटर केले: ७५० ÷ १२५.

"सहा! टिंब गेलं की, बाई! लई सोपं हाय!"

वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हा मला गणित सुटल्याचाच आनंद झाला होता. खरी जीत दुसऱ्या दिवशीची, हे आता कळतं. घंटेआधीच येऊन ती बाकावरच्या शेजारणीला भागाकार शिकवत बसली होती.