पथ्य
तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी, वाशीत वन-रूम-किचन आणि चाळिशीतच कॅन्सर. आमच्या ह्यांना सगळ्याचीच घाई. मोठ्या हॉस्पिटलनं 'आता घरीच ठेवा' म्हणून हात झटकले, तशा सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि आल्या आल्या आमचा डबल बेड हलवला. ह्यांना लोखंडी खाट, मला स्वयंपाकघरात सतरंजी. "आजारी माणसाची शक्ती राखायची असते," म्हणाल्या. कशासाठी राखायची, ते कुणी विचारलं नाही.

मग सोसायटी शहाळी घेऊन लोटली. खाटेभोवती खुर्च्या टाकून मंडळी पाण्याचा प्रेशर आणि बसचा वक्तशीरपणा ह्यावर बोलत बसायची, जसं काही ह्यांना उद्या ड्यूटीवर जायचंय. एकदा अंग पुसताना हे हळूच म्हणाले, "अगं, जरा शेजारी येऊन पड ना." मला रडूच आलं. मलाही तेच हवं होतं, आणि हातात दिवस किती उरलेत ते दोघांनाही ठाऊक होतं.

आमचे फॅमिली डॉक्टर बघून निघाले, तेव्हा त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, काही पथ्य?"

"छे, आता हवं ते खाऊ दे त्यांना."

"खाण्याचं नाही विचारत मी."

डॉक्टर मीटरच्या पेटीकडे बघायला लागले. तीन मुलांचा बाप, पण कान लालबुंद. "अं... प्रोटीन वाढवा," म्हणाले आणि भराभर जिना उतरून गेले. एवढं शिकून उत्तर काय, तर प्रोटीन! माझं डोकंच फिरलं.

वर येऊन मी जाहीर केलं, "डॉक्टरांनी पथ्य दिलंय. रोज दुपारी जेवणानंतर चार वाजेपर्यंत दार बंद. अंगाला तेल लावायचंय, वारा लागता कामा नये."

पथ्य म्हटल्यावर सासूबाईंपुढे कुणाचं काय चालणार? त्या स्वतः खुर्ची घेऊन जिन्यात बसल्या. शहाळीवाल्यांना परस्पर परतवायच्या, "पथ्य चाललंय."

आत त्या अरुंद खाटेवर आम्ही दोघं. खाट मेली करकरायची. हे हसायचे, हसलं की दुखायचं, तरी हसायचे. "हे पथ्य मानवलं मला," म्हणायचे.

दिवाळीच्या आधी हे गेले. तेराव्याला सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "सुनेनं पथ्य कडक पाळलं हो, एक दुपार चुकवली नाही." मी मान खाली घालून बसले होते.

पाहुणे पांगल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "थोडं तेल त्या खाटेलाही घालायचं होतंस. जिन्यात ऐकू यायचं."