तिसऱ्याची गादी

बक्षिसासाठी आमच्या खोलीचं नाव मीच दिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं की विचारलं नव्हतं. होस्टेलच्या फळ्यावर सूचना लागली, ‘सर्वांत नीटनेटकी खोली : बक्षीस टेबलफॅन’, आणि माझ्या अंगात आलं. उन्हाळा तोंडावर होता आणि आमच्या खोलीतला पंखा असा, की त्याची दया येऊन आपणच त्याला वारा घालावा. खोली दोघांची असून तीत तिघं राहतात, ही किरकोळ बाब त्या क्षणी माझ्या ध्यानातून गेली.

तिसरा म्हणजे मामा. तसा तो कुणाचाच मामा नव्हता, पण आमच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी थोरला, म्हणून मामा. सांख्यिकीच्या एकाच पेपरात तो पुन्हापुन्हा आपटत होता. नियमाप्रमाणे त्याची होस्टेलची जागा गेली, पेपर तेवढा राहिला. यंदाची संधी शेवटची. सुटला तर एका कचेरीत नोकरी पक्की होती, नाही सुटला तर इतकी वर्षं पाण्यात. माझ्या रूम पार्टनरच्या ओळखीने तो ‘चार दिवस’ म्हणून आला आणि परीक्षेपर्यंत राहायचं ठरलं. दिवसभर कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम आणि रात्री आमच्या दोन कॉटांमधल्या पट्टीत अभ्यास नि झोप.

तो आला तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायचा तर आधी पायाला जागा शोधावी लागायची. मामाने पहिल्याच रविवारी बाह्या सरसावल्या. कॉटच्या पायांखाली विटा सरकवल्या, कॉट उंच झाल्या, ट्रंका पोटात गेल्या. जुन्या पँटींचे खिसे कापून एका चादरीवर शिवले आणि ती चादर दारामागे टांगली. मोजे, कंगवे, दाढीचं सामान, सगळं खिशात. एका हँगरला दुसरा अडकवून शर्टांची माळ केली. भिंतीत पितळी हूक ठोकले, तेही स्वतःच्या पैशांचे. स्वतःची गादी मात्र तो रोज सकाळी घट्ट गुंडाळायचा. आत उशी, पांघरूण, कपड्यांचा जोड, वरून गिलाफ. झाला लोड! आम्ही त्याला टेकून पत्ते कुटायचो.

“हे शिकलास कुठं रे मामा?”

“ताईकडे.” दोऱ्याला गाठ मारत तो म्हणाला, “एक खोली, माणसं पाच. दाजी घरात असले की मी दिसता कामा नये. मी दिसलो की त्यांना माझं जेवण आठवायचं.”

“मग?”

“मग काय, ताईच्या पलंगाखाली. अभ्याससुद्धा तिथंच. म्हणून तर आमचा उजेड पडला नाही.”

मी नाव दिल्याचं कळलं तेव्हा त्याने लोडाचा गिलाफ आणखी ताणून बसवला. “गाढवा, आता मागे घेतलंस तर शंका येईल,” म्हणाला. “येऊ देत रेक्टर. मी दुकानात असेन. माझं काही दिसणार नाही. तू फक्त गप्प राहा.”

खरोखरच काही दिसलं नाही. रेक्टर चुका काढत आले असते तर निभावलं असतं. ते खूश झाले, हीच पंचाईत. खिशांची चादर उलटसुलट करून म्हणाले, “आमच्या घरी दाखवायला पाहिजे हे.” मग पार्टनरच्या कॉटवर बसले आणि लोडाला टेकले. “लोडही झकास आहे हो!”

पार्टनर माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. पण कौतुक सुरू झालं की मला आवरत नाही. “सर, गंमत म्हणजे तो लोड नाहीच!”

रेक्टरांनी हौसेने गिलाफ काढला. गादी उलगडली आणि मामा दिसला. म्हणजे त्याचा शर्ट, पँट, उशी.

“कॉट दोन, गाद्या तीन. ही कुणाची?”

“पाहुण्याची,” पार्टनर म्हणाला.

“राहतो इथं?”

“छे सर,” मी तत्परतेने म्हणालो, “फक्त झोपतो.”

रेक्टर माणूस वाईट नव्हता. “माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे बाबांनो,” एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या आत गादी बाहेर जायची होती. मामा आला, त्याने ती पुन्हा तशीच घट्ट गुंडाळली. शिवी नाही, आदळआपट नाही. दारात थांबून म्हणाला, “तुझ्या तोंडाला तेवढा खिसा शिवायचा राहिला.”

टेबलफॅन आम्हालाच मिळाला. बाकीच्या खोल्या मामा येण्याआधीच्या आमच्या खोलीसारख्या होत्या.

दुकानाच्या मालकाने मामाला कागदांच्या रॅकवरची फळी झोपायला दिली. बदल्यात दुकान उघडायचं, झाडायचं, सुट्टी मागायची नाही. परीक्षा म्हणजे त्यांचा सीझन. सांख्यिकीच्या पेपराच्या सकाळी मी हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायला गेलो, तर रस्त्यापर्यंत रांग आणि मशीनवर मामा.

“मामा, तुझा पेपर!”

“जायचं तर गादी घेऊन जा, म्हणालेत मालक.” त्याने माझं तिकीट काचेवर ठेवलं. “आणि काय लिहू जाऊन? रात्री मालक मेन स्विच पाडून जातात. पुस्तक उघडलंच नाही.”

“गादी माझ्याकडे ठेव. तू ऊठ, पळ!”

त्याने मान वर केली. “तुझ्याकडे?”

मशीनचा उजेड त्याच्या तोंडावरून एकदा सरकत गेला. माझ्या हातात दोन तिकिटं आली, खरं आणि त्याची नक्कल. मागचा पोरगा ओरडला, “आटपा की राव!” मी बाजूला झालो.

मामा अजून तिथंच आहे. दाढीचं सामान टोनरच्या रिकाम्या खोक्यात, कपडे कागदाच्या गठ्ठ्यांमागे, गादी फळीच्या टोकाला गुंडाळलेली. गिऱ्हाइकाला वाटावं, इथं कुणी राहत नाही.

“माझे हूक राहिलेत तुमच्या भिंतीत,” एकदा म्हणाला. “इथं कामाला येतील.”

“उद्या आणतो,” मी म्हणालो. एक काढायला गेलो तर प्लास्टर निघायला लागलं, म्हणून सोडून दिलं. मामाने आणखी एकदा विचारलं, मग विचारलं नाही. परवा खोलीला रंग दिला. हुकांवरही ब्रश फिरला. सध्या त्यांना माझे शर्ट असतात.