बाबांच्या अंगठ्याचा लॅपटॉप

माझ्या आत्याला घरात सगळे बेबी म्हणतात. तिचं वय एक्कावन्न आहे. तीस वर्षं तिने एका शाळेत इंग्रजी शिकवलं, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, तिच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थिनींच्या मुली तिच्या वर्गात येऊन बसल्या, पण घरच्यांसाठी ती आपली बेबीच. "बेबीला विचारलं का?" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बेबीला कुणी काही विचारत नाही. विचारल्यासारखं करतात आणि उत्तर यायच्या आत चपला घालून निघतात.

आत्याने लग्न केलं नाही. आजोबा गेले तेव्हा ती याच घरात होती आणि याच घरात राहिली. घर तिच्या वडिलांचं, म्हणजे जितकं बाबांचं तितकंच तिचं. तरी पाहुण्यांना सांगताना आमच्याकडे सगळे म्हणतात, "बेबी आमच्याकडे असते." स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिथे तिचा पलंग, पुस्तकांचं कपाट आणि घरभराचे इस्त्रीचे कपडे. सकाळची भांडी ती घासून शाळेत जायची, संध्याकाळची आल्यावर घासायची. "तिला कुठे संसार आहे?" हे आईचं ठरलेलं वाक्य. आमचा सगळ्यांचा मिळून जो संसार होता, तो तिच्याच हातून निघत होता, हे आईच्या गावीही नव्हतं.

अशा आत्याने कुणाला न सांगता परदेशातल्या एका शाळेत अर्ज केला. शाळेतल्या कॉम्प्युटरसमोर बसून तिने त्यांना एक धडा शिकवून दाखवला, आणि त्यांनी तिला इंग्रजी शिकवायला बोलावलं. जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा आईच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"तुला झेपेल का गं?" बाबा म्हणाले.

झेपेल का! पन्नास मुलांचा वर्ग जिने खडूच्या एका तुकड्यावर गप्प केला, तिला हा प्रश्न, आणि तोही कुणी विचारावा? ऑफिसच्या एकेका इंग्रजी पत्रासाठी निवृत्त होईपर्यंत जे "बेबी, जरा बघतेस का?" करत तिच्या दाराशी उभे राहिले त्यांनी.

पण बाबा वाईट नाहीत. तीच तर खरी अडचण आहे. वाईट असते तर एकदा कडाडून भांडून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. व्हिसासाठी रांगेत उभे राहिले, फोटो काढायला तिला स्वतः घेऊन गेले, थर्मास विकत आणला. पासपोर्ट घरी आला, तो सरळ त्यांच्या कपाटात गेला. "तुझ्या खोलीत हरवेल," असं म्हणून त्यांनी किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. माझ्या आठवणीत आत्याच्या खोलीतून आजवर टाचणी हरवलेली नाही. हरवतात त्या बाबांच्या वस्तू, आणि सापडतात आत्याला.

मग लॅपटॉपची वेळ आली. तिकडच्या शाळेची अट होती की शिक्षकाने स्वतःचा लॅपटॉप आणायचा, सगळे धडे त्यावरूनच चालणार. त्याशिवाय निघण्याआधी आत्याने पहिल्या आठवड्याचे धडे तयार करून मुख्याध्यापिकांना समोरासमोर, म्हणजे पडद्यावर, दाखवायचे होते. धडे त्यांना पटले की मगच शाळा विमानाचं तिकीट पाठवणार होती. आत्याचं सगळं जाणं त्या एका भेटीवर अडलेलं होतं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. आत्याला काय हवंय ते तिने नीट ठरवलं होतं. तिचा उजवा खांदा धरतो, म्हणून वजनाला हलका हवा. अक्षरं मोठी हवीत. आणि माइक चांगला हवा. "मुलांना शब्दाचं शेवटचं अक्षरही ऐकू गेलं पाहिजे," ती विक्रेत्याला म्हणाली.

विक्रेत्याने मान डोलावली आणि बाबांकडे वळून विचारलं, "सर, मॅडमना वापर कितपत असेल?"

"फारसा नाही," बाबा म्हणाले, "थोडंफार टायपिंग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बाबांनी माझ्या धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं मत पडलं की मोठा घ्या, गेम चालतील असा, म्हणजे आत्या परत आल्यावर वाया जायला नको. म्हणजे जायच्या आधीच तिच्या येण्याची आणि लॅपटॉपच्या वाटणीची सोय झाली! मग बाबा विक्रेत्याशी इंग्रजीत बोलू लागले. त्यांचं एक वाक्य असं काही घसरलं की आत्याची भुवई वर गेली. तीस वर्षांची सवय, दुसरं काय. पण ती पुढच्या लॅपटॉपचं वजन हातात घेऊन बघू लागली. शेवटी पाट्यासारखा जड एक लॅपटॉप पसंत झाला. पसंत बाबांना झाला, पैसे आत्याने दिले.

"आता बोटाचा ठसा घेऊ," विक्रेता म्हणाला. "बोट ठेवलं की उघडतो. मॅडम, ठेवा."

आत्याने पहिलं बोट ठेवलं. लॅपटॉपने घेतलं नाही. अंगठा ठेवला, तोही घेतला नाही. विक्रेत्याने ठसा घेणारी चकती कापडाने पुसली, आत्याने रुमालाने हात पुसले. मधलं बोट ठेवलं. काही नाही.

"रेषाच राहिल्या नाहीत हो मॅडम, पार घासल्या गेल्यात," तो हसत म्हणाला. "सर, तुमचं द्या ना. घरातलंच कुणीतरी पाहिजे."

आणि बाबांनी दिला अंगठा. पहिल्या झटक्यात घेतला. घेणारच! त्या अंगठ्याने जन्मात कधी पातेलं घासलंय? शिवाय ठसा चालला नाही तर टाकायचा म्हणून एक पिन ठेवायचा होता, तोही बाबांनीच टाकला, तळहाताचा आडोसा करून, जणू आम्ही दोघी चोरच.

"मी घरातच असतो, उघडून देत जाईन," ते म्हणाले. आत्याने पिशवी उजव्या खांद्यावर घेतली, मग डाव्या.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते बघून मला हसावं की रडावं कळेना. आत्याच्या शाळेला सुट्टी लागली होती. सकाळचा चहा झाला की बाबा आत्याच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडून देत. आत्या कामाला लागे. पण धडा तयार करायचा तर मध्ये विचार करावा लागतो, आणि ती विचार करत थांबली की पडदा काळा होई. मग "दादा, जरा येतोस का?" बाबा वर्तमानपत्र टाकून येत, दाढीचा फेस गालावर घेऊन येत, आणि कुरकुर अजिबात नाही. उलट शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या बेबीचं माझ्याशिवाय पान हलत नाही." काही दिवसांनी मी पाहिलं, आत्या डोळे मिटून विचार करत होती आणि एक बोट उगाचच पॅडवरून फिरवत होती. का, तर पडदा जागा राहावा. बाबांना हाक मारायला लागू नये.

"बदलून घे ना गं हे," मी म्हटलं.

"जाईपर्यंतचाच प्रश्न आहे. कशाला उगाच वाद?"

"आणि गेल्यावर? बाबांचा अंगठा बॅगेत भरून नेणार आहेस?"

ती खूप हसली. मला हसू आलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "निघायच्या आदल्या दिवशी बघू." आदला दिवस हा आमच्या घरातला मोठा आवडता दिवस आहे. सगळं त्या दिवसावर ढकलता येतं.

मुख्याध्यापिकांशी बोलायचा दिवस आला. दुपारी बोलणं होतं. आत्या इस्त्रीची साडी नेसून बसली, मागच्या कपड्यांच्या ढिगावर मी चादर टाकली. सकाळी बाबांनी लॅपटॉप उघडून दिला होता, पण बाहेर पडताना "गरम होतो" म्हणून बंद करून गेले. गेले कुठे, तर मित्राने नवीन घर घेतलं होतं ते बघायला. बोलणं आज आहे हे त्यांना माहीत होतं. ते वेळेत येणार होते.

ते आले नाहीत. आत्याने फोन लावला आणि मी तिच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"दादा, अरे कुठे आहेस? बाई वाट बघत असतील."

"निघतोच आहे गं. ह्यांची गच्ची फक्त बघायची राहिलीये."

"मग पिन सांग. मी उघडते."

"फोनवर?" बाबांचा आवाज एकदम गंभीर झाला. "फोनवर पिन सांगायचा नसतो बेबी. बँकवाले सारखे बजावत असतात."

"अरे, मी मागतेय. तुझी बहीण."

"कुणीही असो. नियम म्हणजे नियम. आलोच मी." आणि फोन ठेवला.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई दारात येऊन "हळू, शेजारी ऐकतील" म्हणाली, तेव्हा मी आणखी मोठ्याने बोलले. आत्या मात्र बंद लॅपटॉपकडे बघत बसली होती. स्वतःच्या पैशांनी घेतलेला, त्यात स्वतःचे धडे, मुलांसाठी एकेक चित्र शोधून लावलेलं, आणि तिला आत जायची सोय नाही.

शेवटी तिने माझा फोन घेतला आणि मुख्याध्यापिकांना त्यावरून गाठलं. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. धडे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. दुसरी कुणी असती तर लाइट गेली म्हणाली असती. आत्याला खोटं बोलता येत नाही. तिने आपल्या त्या स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू येणाऱ्या इंग्रजीत सांगितलं की लॅपटॉप माझा आहे, पण तो माझ्या भावाच्या अंगठ्याने उघडतो आणि भाऊ बाहेर गेलाय.

पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचा पासपोर्ट? तो कुणाकडे असतो?"

आत्याने बाबांच्या कपाटाच्या दिशेने पाहिलं. तीस वर्षांत मुलांनी विचारलेल्या एकाही प्रश्नावर ती अशी अडली नसेल.

"उद्या याच वेळी बोलू," त्या बाई म्हणाल्या. "पण उद्या लॅपटॉप तुम्ही स्वतः उघडायचा."

बाबा आले ते हाश्शहुश्श करतच. "चला, कुठाय तुझा लॅपटॉप?" म्हणत अंगठा शर्टाला पुसत होते. आत्या त्यांच्या कपाटासमोर उभी होती.

"दादा, किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"कपाटाची. माझा पासपोर्ट हवाय."

"आत्ता? मी काय खातोय का तुझा पासपोर्ट?" बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इतकं धावलो तुझ्यासाठी, त्याचं हे फळ?"

"धावलास. ते मी विसरणार नाही. किल्ली दे."

तो आवाज मी पहिल्यांदाच घरात ऐकला. शाळेतला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बाबांनी जुडग्यातून किल्ली काढली. मी शपथेवर सांगते, त्यांचा हात गृहपाठ न केलेल्या मुलासारखा पुढे आला.

मग तिने त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. पिन विचारला. त्यांनी सांगितला, तो त्यांच्या स्कूटरचा नंबर होता. तिने तो त्यांच्यासमोर बदलला, आणि तळहाताचा आडोसा केला नाही. बाबांनी स्वतःहून मान वळवली.

"आता ठसा," ती म्हणाली.

पहिलं बोट नाही. अंगठा नाही. एकेक बोट ती ठेवत गेली आणि लॅपटॉप नकार देत गेला. बाबा बघत होते. अखेर त्यांनी तिचा हात धरून दिव्याखाली नेला. आयुष्यभर त्याच हाताने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, आणि ते आज बघत होते!

"हे काय झालंय गं बोटांना?" ते हळू आवाजात म्हणाले. "कधी झालं?"

"रोज," आत्या म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

डाव्या हाताची करंगळी तेवढी राहिली होती. खडू धरताना ती लागत नाही, भांडी घासतानाही जेमतेम लागते. लॅपटॉपने ती घेतली. या घराला जे बोट वापरायचं सुचलं नाही, तेवढं तिचं तिला उरलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

"माझा अंगठाही राहू दे आत," बाबा म्हणाले. "असू दे एक जादाचा. अडीनडीला."

"नको दादा," ती म्हणाली आणि काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप उघडून वेळेआधी बसली. मुख्याध्यापिका यायला थोडा वेळ लागला, आत्या धड्याचा विचार करत होती आणि या वेळी तिचं बोट पॅडवर फिरत नव्हतं. बाबा बाहेर वर्तमानपत्र वाचत होते, पण लक्ष सगळं दारातून आत. पडदा काळा झाला. बाबा सवयीने उठले, दारापर्यंत आले, अंगठा शर्टाला पुसलाही त्यांनी.

तोवर आत्याने करंगळी ठेवली होती. बाबा दारातच उभे राहिले. तिने मागे वळून पाहिलं नाही. समोर बाई दिसू लागल्या होत्या, आणि ती त्यांना आपलं पूर्ण नाव सांगत होती.