आधी बोलू, मग आडवं पडू

फोन आला तेव्हा आम्ही नऊजणी कांदिवलीच्या सोसायटी हॉलमध्ये मॅटवर उताण्या पडलो होतो. सकाळचे साडेसात. गुडघे दुमडलेले, तळवे बरगड्यांवर. स्क्रीनवर रेखाच्या मुलीचं, मानसीचं नाव दिसलं आणि मला कळलंच... "मावशी, आई गेली. आत्ताच." मी सगळ्यांना सांगितलं. कोणी रडलं, कोणी नुसतंच बसून राहिलं. मग पंचाहत्तरीच्या सामंतकाकू म्हणाल्या, "तिचा क्लास अर्धा टाकलेला तिला चालायचा नाही. पुरा करू, मग जाऊ तिच्याकडे." आम्ही पुरा केला. रडताना श्वास नीट सोडता येत नाही, हे त्या दिवशी समजलं.

रेखा माझी ऑफिसातली मैत्रीण. मालवणकडची, वडील गिरणीत. अंधेरीच्या ऑफिसात आमची टेबलं वीस-बावीस वर्षं शेजारीशेजारी होती. पन्नाशीच्या तोंडावर पाण्याची बादली उचलताना तिची कंबर धरली. उपचार झाल्यावर डॉक्टरांनी पिलाटेस सुचवलं, श्वास सांभाळत पोटा-पाठीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम. आम्हाला तो शब्दही धड म्हणता येत नव्हता. घराजवळच्या एका चकाचक स्टुडिओत ती गेली. तिथल्या शिक्षिकेने काही विचारलं नाही, हिने काही सांगितलं नाही. बाजूची पंचविशीची मुलगी पाय जेवढे उचलत होती तेवढे हिनेही उचलले, आणि पुढचे तीन आठवडे अंथरुणात काढले. मी म्हटलं, "सोड आता ते खूळ." तर म्हणते, "व्यायामाची काय चूक गं अंजू? तिने विचारलं नाही, मी बोलले नाही. वाट लागणारच ना!"

मग तिने मुलुंडला एक सबुरीने शिकवणाऱ्या बाई शोधून काढल्या. दोन वर्षं शिकली, आणि एक दिवस डबा खाताना म्हणाली, "मी परीक्षा देतेय. शिकवायची." वय त्रेपन्न, परीक्षा इंग्रजीतून. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या पाठीवर बोट ठेवून स्नायूंची नावं पाठ करायची, चुकली की स्वतःलाच टपली मारायची. पहिल्या वेळी नापास झाली. दुसऱ्या वेळी पास झाली, तेव्हा ऑफिसभर पेढे मी वाटले. मला आजही वाटतं, तो पेपर थोडा माझ्या पाठीवरच लिहिलेला होता.

नोकरी सोडून ती अंधेरीतल्या एका स्टुडिओत शिकवू लागली. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी ती अर्धा तास नुसती बोलायची. "आधी बोलू, मग आडवं पडू." ऑपरेशन झालंय का, बीपी आहे का, चक्कर येते का, हाडं तपासलीत का, दिवस गेलेत का... सगळं विचारायची. येण्याआधी दोन तास पोटभर खायचं नाही. कपडे अंगासरसे, ओढणी नको, नाहीतर मला तुमची पाठ दिसत नाही. स्नायू थरथरले तर घाबरू नका, पण कुठे टोचलं, मुंग्या आल्या तर तिथल्या तिथे थांबा आणि सांगा. शेजारणीकडे बघू नका, तिची पाठ वेगळी. आणि महिन्याभरात पोट सपाट होईल असं मी सांगणार नाही, पहिला महिना तर श्वास घ्यायला शिकण्यातच जाईल. कोणी श्वास रोखून धरला की हसून मालवणीत ओरडायची, "श्वास खंय ठेवलंस गो?"

मालकीणबाईंना हे पटत नव्हतं. लोक घाम गाळायला येतात, मुलाखत द्यायला नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा साठीच्या एक बाई आल्या. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टर म्हणालेत, पण रिपोर्ट घरी आहे, एवढंच बोलल्या. त्यांना पहिल्याच दिवशी पुढे वाकायचे व्यायाम करायचे होते. रेखा म्हणाली, "रिपोर्ट बघितल्याशिवाय मी तुम्हाला पुढे वाकवणार नाही." बाई चिडल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "करून घे, नाहीतर तू उद्यापासून येऊ नकोस." रेखाने पिशवी उचलली. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "अंजू, मी चुकले का गं?" मी चहा टाकला.

त्यानंतर तिने सोसायटीच्या हॉलमध्ये स्वतःचा क्लास सुरू केला. पहिले तीन आठवडे आम्ही दोघीच, ती आणि मी. चौथ्या आठवड्यात दारात त्याच बाई उभ्या, हातात फाइल. पाठीच्या एका मणक्याला आधीच बारीक चीर होती. "त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं असतं तर..." म्हणत त्यांनी फाइल पुढे केली. रेखाने फाइल उघडली आणि खुर्ची पुढे केली. त्या बाई म्हणजेच आमच्या सामंतकाकू.

क्लास पंधरा वर्षं चालला. शेवटच्या वर्षी केमो चालू असतानाही रेखा खुर्चीत बसून शिकवायची, करून मी दाखवायचे. आवाज खोल गेला होता, नजर नव्हती गेली. "काकू, डावा खांदा!" तेही जमेना तेव्हा तिने क्लास माझ्यावर सोपवला.

मागच्या रविवारी तिच्या घरी गेले. तिच्या बाहेरच्या खोलीत सोफा नाही. सरावाला जागा हवी म्हणून तिने तो कधीच काढून टाकला होता, पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तिचे मिस्टर, विलासभाऊजी म्हणाले, "मानसी म्हणते, आता सोफा घेऊ. मी नको म्हटलं." मग म्हणाले, "मला शिकवशील? तिने खूप म्हटलं होतं. मीच हसण्यावारी न्यायचो." मी बसले आणि विचारायला लागले. गुडघा, बीपी, साखर... ते एकेक सांगत गेले. मग खाली मान घालून म्हणाले, "दिवाळीत बाथरूममध्ये पडलो होतो. तिला बोललो नाही. तिला तिचंच एवढं होतं."

उद्या डॉक्टरांना दाखवा, मग सुरू करू, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग उठून खुर्च्या एकात एक घातल्या, भिंतीशी सरकवल्या आणि त्या मोकळ्या फरशीवरून शांतपणे केर काढायला लागले.