पहिल्या ‘व्हय म्हाराजा’पर्यंत

अतिदक्षता विभागात नोकरीला लागल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मी तिथल्या भिंतींवर सात पत्रकं चिकटवली. सलाईन लावणं, नळीनं घशातला कफ ओढून सक्शन करणं, ईसीजी काढणं हे सगळं मी नर्सिंग शिकताना शिकले होते. पत्रकं मात्र घरून आली होती. आमच्या घरात प्रश्न उभा राहिला की पत्रक निघायचं. वडील शाळामास्तर, आणि तालुक्यातली प्रत्येक अंधश्रद्धा म्हणजे आपल्याला दिलेली शिवी आहे असं त्यांना वाटायचं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘साप चावला? मांत्रिक नको, दवाखाना गाठा!’ या ओळीवर, आणि पाढे लिहिले ते त्याच पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर. एसटी स्टँडवर उभं राहून पत्रकं वाटताना कुणी घेतलं नाही तर मी त्याच्या मागे बसमध्ये चढायची.

तर विभागातली माझी सात पत्रकं. ‘अलार्म बंद करण्याआधी माणसाकडे बघा!’ ‘हात धुतले नाहीत? मग पेशंटला शिवू नका!’ ‘नाव नसलेली सिरिंज म्हणजे कचरा!’ वगैरे.

इनचार्ज सिस्टरनी सगळी शांतपणे वाचली. पंचवीस वर्षं त्या या कामात होत्या.

“बाय,” त्या म्हणाल्या, “ह्या खोलीत सगळ्यांचा बीपी आधीच वर-खाली जाता. तुज्या उद्गारचिन्हांनी आणखी कित्याक वाढवतंस?”

पत्रकं मात्र त्यांनी काढली नाहीत.

काजूच्या हंगामात एका सकाळी आठ वाजता ते आजोबा आले. बागेतला पातेरा, म्हणजे सुकलेला पालापाचोळा, हातानं गोळा करताना त्यांच्या बोटाला काहीतरी चावलं होतं. साप कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या धाकट्या भावानं मांत्रिक-बिंत्रिक काही न करता त्यांना सरळ मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं, मागे आजोबांची बायको, म्हणजे काकी. मला इतका आनंद झाला, की मी त्या भावाला दारातच शाबासकी दिली. तो म्हणाला, “मांत्रिकाकडेच जायत होतंव, पण तेका मूळव्याध झाली, तो मुंबयक गेलो.”

आजोबांच्या पापण्या किंचित जड होत्या. सापावरचं औषध सुरू झालं, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागला, छातीवर तारा लागल्या. आमच्या नियमाप्रमाणे आत एकच नातेवाईक, म्हणून काकी आत आणि भाऊ काचेच्या दारापलीकडे. काकींनी दारात चपला काढल्या, हात धुतले, आणि मॉनिटरला नमस्कार केला.

मी बाटलीवर वेळ लिहीपर्यंत आजोबांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं:

“बा देवा म्हाराजा, डोंगराच्या, खाडीच्या, वेशीवरच्या, बारा-पाचाच्या म्हाराजा…”

ते गावाचे गाऱ्हाणं घालणारे होते. जत्रा असो, लग्न असो, नवी होडी असो, सगळ्या गावाच्या वतीनं देवासमोर उभं राहून देवाला विनवायचं, आणि दर टप्प्याला मागच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एका दमात पहिला टप्पा आला, काकींनी “व्हय म्हाराजा!” म्हटलं, आणि काचेपलीकडून भावानंही इतक्या जोरात म्हटलं की काच थरथरली.

“बंद!” मी म्हणाले. “हा आयसीयू आहे, देऊळ नाही. इथे देव नाही, मॉनिटर आहे!”

आजोबा माझ्याकडे बघून हसले. “चेडवा, चपलो तर तुमीच काढूक लावलात.”

मला तेव्हा फार महत्त्वाचं काम होतं.

ते असं. साप नसांवर परिणाम करणारा असेल तर छातीचे स्नायू हळूहळू थकत जातात. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र शेवटपर्यंत छान दिसतो, आणि तो पडू लागेल तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. काकी त्या ‘९८’कडे शाळेच्या निकालाकडे बघावं तशा बघत होत्या. मी त्यांना समजावलं, की हा आकडा खोटा धीर देतो. खरं बघायचं ते मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का, आणि एका श्वासात किती आकडे मोजता येतात. दर अर्ध्या तासानं आजोबांनी खोल श्वास घ्यायचा आणि एक, दोन, तीन म्हणत जायचं. श्वास तुटला की थांबायचं. आकडा उतरू लागला तर धोका.

साडेआठला ते तिसापर्यंत गेले. मी तक्त्यात लिहिलं, खाली रेघ मारली. विज्ञान!

नऊला बत्तीस. साडेनऊला पस्तीस. काचेपलीकडे भाऊ आता बोटं दाखवू लागला होता. मी बाहेर गेले तेव्हा त्यानं विचारलं, “चाळीसच्या वर जाईत काय तो?”

“कशाला?”

“काय नाय. असाच.”

दहाला अडतीस. माझं डोकं हवेत. अकराच्या राउंडला डॉक्टर आले, तोवर आजोबा बेचाळिसावर पोचले होते. चढता तक्ता मी त्यांच्यासमोर असा धरला, जसं वडील छापखान्यातून आलेलं ताजं पत्रक धरायचे.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “दोडामार्गाकडून छातीत दुखणारा एक पेशंट निघालाय, खाट लागणार. यांना बारा वाजता वॉर्डात हलवूया.”

खाली वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन नर्सा. तिथे अर्ध्या तासानं कुणी कुणाचा श्वास मोजत नाही.

पावणेबाराला मी तारा काढायला गेले. काकी पदरानं आजोबांच्या तोंडाचा कोपरा पुसत होत्या. पुसलं, पुन्हा ओला. पुसलं, पुन्हा ओला.

“थुंकी येतेय?”

“मगाधरना,” काकी म्हणाल्या. “पण आकडो बरो आसा मा?”

मी आजोबांना हाक मारली. माझ्याकडे बघायला त्यांनी हनुवटी वर केली. पापण्या उघडत नव्हत्या, म्हणून ते आख्खं डोकं मागे नेऊन खालच्या फटीतून बघत होते. हातात बेचाळीसचा तक्ता होता आणि समोर हा माणूस.

“आजोबा, पुन्हा एकदा मोजा.”

त्यांनी श्वास घेतला आणि “एकदोनतीनचारपाच…” अशी गाडी सोडली की मधली अर्धी स्टेशनं गाळलीच. चव्वेचाळीस! काचेपलीकडे भावानं पुन्हा एकदा कपाळावर हात मारून घेतला.

काकी फिस्सकन हसल्या. “कोंबडो तर मगाशीच गेलो तेचो.”

तेव्हा कळलं. सकाळीच दोघा भावांची काचेतून खाणाखुणांनी पैज लागली होती. चाळिसाच्या वर गेला तर धाकट्याचा लढाईतला कोंबडा थोरल्याचा. श्वास जसा आखूड होत गेला तसा आजोबांनी मोजण्याचा वेग वाढवला. आणि मी, मास्तरांची मुलगी, त्या कोंबड्याच्या पैजेखाली रेघा मारत बसले होते.

इनचार्ज सिस्टर धावत आल्या. “सकाळी तीस म्हणूक किती सेकंद लागलेले?”

मी तक्ता बघितला. आकडे लिहिले होते. वेळ लिहिली नव्हती.

“मग आता कशाशी ताडून बघतलंस?”

मी काकींकडे वळले. “काकी, सकाळी ते गाऱ्हाणं घालत होते, तेव्हा तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणेपर्यंत त्यांनी मध्ये श्वास घेतला होता?”

काकींना ते लागलं. “काय बोलतंस गो? चाळीस वर्सां घालतत. पयल्या ‘व्हय म्हाराजा’पर्यंत तेंनी कदी श्वास तोडूक नाय. तुटलो तर परत सुरवातीपासून घालूचा लागता.”

“आणि भरभर म्हटलं तर?”

“देवाक भरभर?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी स्वतःच मॉनिटरला नमस्कार करायची बाकी राहिले.

मी खाटेशेजारी वाकले. माझ्या घराण्यात कुणी कधी म्हटलं नसेल असं वाक्य मी म्हटलं: “आजोबा, गाऱ्हाणं घाला.”

पापण्यांच्या फटीतून त्यांचं जिंकलेलं हसू मला दिसलं. त्यांनी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, डोंगराच्या, खाडीच्या…” श्वास तुटला. पुन्हा सुरुवातीपासून. “बा देवा म्हाराजा, डोंगराच्या…” तुटला. तिसऱ्यांदा डोंगरही आला नाही. काकी हात जोडून, ‘व्हय’ ओठांवर धरून बसल्या होत्या. तो ओठांवरच राहिला.

मॉनिटरवर सत्त्याण्णव.

डॉक्टर जिना चढून आले. मी म्हणाले, “सर, बेचाळीस खोटे आहेत. चूक माझी आहे. मी सेकंद मोजले नाहीत.”

“मग खरं काय?”

“सकाळी पहिल्या ‘व्हय म्हाराजा’पर्यंत गेले होते. आता डोंगरापर्यंतही पोचत नाहीत.”

दुसरीकडचा कुठला डॉक्टर असता तर त्यानं मलाच तपासलं असतं. हे इथलेच. त्यांनी एकदाच आजोबांना मान उचलायला सांगितली, ती उचलली गेली नाही, आणि ते म्हणाले, “श्वासनलिकेत नळी घालूया. आकडा चांगला आहे तोवरच. घाईत करायची पाळी यायला नको.” दोडामार्गाच्या पेशंटसाठी इमर्जन्सीतली खाट मोकळी करायला सांगितली.

मग इनचार्ज सिस्टरनी माझं सातवं पत्रक, नळी घालण्याआधी काय काय तपासायचं त्याची यादी, भिंतीवरून उपटलं आणि माझ्या हातात दिलं. “वाच. मोठ्यान.”

मी वाचत गेले, त्या एकेका वस्तूला हात लावून “हो” म्हणत गेल्या. सक्शन चालू? हो. नळी तपासली? हो. दुसरी, एक नंबर लहान नळी जवळ? हो. सिरिंजवर औषधाचं नाव? हो. मशीन तयार? हो. नळी गेली नाही तर पुढे कोण काय करणार? डॉक्टरांनी सांगितलं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की मीही गाऱ्हाणंच घालतेय आणि मागून होकार येतोय. हसू यायची ती जागा नव्हती, पण आलं.

डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, की थोडे दिवस श्वास मशीन घेईल, आवाज निघणार नाही, पण ऐकू येत राहील. आजोबांनी काचेकडे बोट केलं आणि मग हाताची चोच करून दाखवली. कोंबडा.

काचेपलीकडून भाऊ ओरडला, “तुजोच रे मेल्या! तू परत ये, मगे बघतंय तुका!”

नळी एका प्रयत्नात बसली.

पुढचे चार दिवस आजोबा मिटल्या डोळ्यांनी पडून होते, पण ऐकत होते, म्हणून आम्ही सगळे त्यांच्याशी बोलत राहिलो. कूस वळवताना सांगायचं, सक्शनआधी सांगायचं. काकी बाहेर गेल्या की भाऊ आत यायचा आणि कानाशी वाकून शिव्या द्यायचा: “फसवून जिंकलंस. कोंबडो माज्याकडेच आसा, खाता-पिता, तुजी वाट बघता.” तिसऱ्या दिवशी त्या शिव्यांना आजोबांचं एक बोट हललं. भाऊ विभागात उड्या मारू लागला. मी त्याला नियम सांगितले आणि स्टोअररूममध्ये जाऊन मीही एक उडी मारली.

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोनवर सगळं सांगितलं.

“दवाखान्यात गाऱ्हाणं?” ते म्हणाले. “आणि तू घालायला लावलंस?”

“मोजायला, बाबा.”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “किती सेकंदांचं आहे ते?”

पाचव्या दिवशी मान उचलली गेली, खोकला जोरदार आला, नळी निघाली. आवाज फाटलेला. डॉक्टर म्हणाले, “आकडे मोजा.” आजोबांनी मान हलवली. आकड्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला असावा. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, ते खाडीपर्यंत गेलं आणि तुटलं. तक्त्यात मी नवा रकाना पाडला होता. त्यात लिहिलं: ‘खाडी. सात सेकंद.’ राउंडला कुणीही त्याचा अर्थ विचारला नाही. भिंतीवर आठवं पत्रकही लागलं होतं, एका ओळीचं, उद्गारचिन्हाविना: आकड्याबरोबर वेळ लिहा.

सहाव्या दिवशी सकाळी ते उशीला टेकून बसले. पापण्या पूर्ण उघड्या. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. भाऊ काचेला नाक लावून उभा.

“बा देवा म्हाराजा, डोंगराच्या, खाडीच्या, वेशीवरच्या, बारा-पाचाच्या म्हाराजा, तुज्या लेकराक पातेऱ्यात काय चावला ता तुकाच ठावक, पण ह्या चेडवान माजी लबाडी पकडल्यान आनि माका हयसर धरून ठेवल्यान, तर तेका सुखी ठेव, आनि तेका जरा कमी ओरडूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

एका श्वासात. अठरा सेकंद.

“व्हय म्हाराजा!” काकी म्हणाल्या. काचेपलीकडून भाऊ, आतून डॉक्टर, इनचार्ज सिस्टर, तीन नंबरच्या खाटेवरच्या मावशी, सगळे म्हणाले. मी मान खाली घालून रकान्यात ‘अठरा’ लिहीत होते.

पुढची ओळ येईना. मी वर बघितलं. आजोबा हात जोडून थांबले होते आणि टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. समोरच्या एकेकानं म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

मी पेन खिशाला लावलं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले, आणि ते पुढे निघाले.