परत न गेलेला पाला

माझे साडू हे नाशिक जिल्ह्यातले बहुधा एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना नातेवाइकांची नावे आठवत नसत, पण झाडांची कंबर तोंडपाठ असे. त्यांच्याविषयी लिहा, असे घरातल्यांनी मला अनेकदा सुचवले. लग्नकार्यांत त्यांचे किस्से मीच रंगवून सांगत असे, तेव्हा ते मीच लिहावेत हे ओघानेच आले. मी दरवेळी डोळ्यांचे ऑपरेशन, हाताचे कंपन, कधी नुसताच उकाडा अशी कारणे पुढे केली. खरे कारण वेगळे होते. त्यांच्याविषयी लिहायला घेतले की शेवटी पोत्यांच्या किश्श्यापाशी यावेच लागते, आणि तो किस्सा सगळ्यांना माहीत आहे तसा घडलेला नाही. आता मी ऐंशीच्या घरात आहे. यापुढे टाळण्यासाठी फारशी कारणेही उरलेली नाहीत.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, पण तो जोडधंदा. मूळ धंदा म्हणजे जंगल श्वास किती घेते आणि किती टाकते हे मोजणे. "झाड हवेतला कार्बन घेतं, त्याचं खोड करतं, पान करतं. पान गळतं, मातीत कुजतं, पुन्हा हवेत जातं. येणं किती आणि जाणं किती, एवढाच माझा प्रश्न आहे," असे ते विद्यार्थ्यांना सांगत, दूधवाल्यालाही सांगत, आणि एकदा मुलगी बघायला आलेल्या मंडळींना सांगत बसल्यामुळे मुलगी दाखवायची राहून गेली होती. मी पाटबंधारे खात्यात. जंगल म्हणजे उद्या पाण्याखाली जाणारी जागा, एवढीच माझी व्याख्या. त्यामुळे ते बोलत आणि मी मान हलवत असे. यालाच ते आमचा संवाद म्हणत.

झाडाच्या खोडाला ते पत्र्याची बारीक पट्टी बांधत आणि तिला स्प्रिंग लावत. खोड वाढले की स्प्रिंग ताणली जाई. नुसती वर्षाची वाढ नव्हे, तर खोड दिवसा पाणी सोडून किंचित बारीक होते आणि पहाटेपर्यंत पुन्हा फुगते, हेही त्या पट्टीवर दिसते म्हणे. म्हणून झाड 'उठायच्या आत' त्याला भेटायला हवे, असा त्यांचा नियम होता. माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीआधी आणि पंगतीनंतर त्यांनी भर मांडवात माझ्या कमरेला टेप लावली आणि व्याह्यांसमोर जाहीर केले, "साडूभाऊ, तुमची जात झाडाच्या उलट. तुम्ही दिवसाच फुगता." देवळाली कॅम्पाच्या रस्त्यावरचा एक जुना वड त्यांच्या डोळ्यांत भरला होता. त्याला ते भल्या पहाटे टेप गुंडाळत असताना एका जवानाने हटकले. "क्या नाप रहे हो?" साडू म्हणाले, "कमर." "किसकी?" "इसकी." पुढचा तासभर त्यांना एका खोलीत बसवून ठेवले होते. मी ओळख पटवायला गेलो तेव्हा ते चहा पीत होते, आणि समोरचे साहेब आपल्या बंगल्यातला आंबा का मोहरत नाही ते त्यांना विचारत होते.

मातीचा श्वास मोजायला मात्र त्यांना पातेले लागे. जमिनीवर पातेले उपडे घालायचे, कडेने माती दाबायची, आत एका वाटीत कसले तरी द्रावण ठेवायचे, मातीतून निघणारा वायू त्यात मुरतो. एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला त्यांना बागेतली माती आवडली आणि त्यांनी बासुंदीचे रिकामे पातेले धुऊन तिथे उपडे घातले. तासाभराने बघतात तो पातेल्यावर हळदकुंकू, अक्षता, वर एक झेंडूचे फूल. यजमानांच्या आत्याबाईंना तो विधीचाच भाग वाटला होता, आणि त्यांच्यामागून आलेल्या सर्व बायकांनी नमस्कार केला होता. साडूंनी फूल बाजूला ठेवले नाही. म्हणाले, "असू दे. आजवर मातीला कोणी विचारलं नव्हतं."

या माणसाचा जीव जडला होता तो घोटीच्या पलीकडे डोंगरात असलेल्या एका देवराईवर. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी, आत भर दुपारी संध्याकाळ. ते रान वाघोबाचे. तिथली काडीही बाहेर न्यायची नाही, असा गावाचा दंडक. इतर कुठल्या जंगलात शिरायचे तर परवानगीचा कागद पुरे, पण इथे देवाला विचारावे लागले. पुजाऱ्याचे काम सोमाबाबांकडे होते. त्यांनी कौल लावला आणि निकाल सांगितला, "झाडाला पट्टी बांधा, मातीवं टोप घाला, देवाची ना नाय. पाला नेला तरी चालंल. पन त्यो देवाचा हाय, मास्तर. पाडव्याच्या आत देवाला परत आला पायजे."

साडू यावर निहायत खूश झाले. झाडांखाली त्यांनी कापडी झोळ्या बांधल्या. वर्षभर त्यांत पडलेला पाला ते नाशकात आणत, वाळवत, वजन करत, आणि गुढीपाडव्याआधी पोत्यांत भरून परत नेऊन त्याच झाडांखाली पसरत. तपासणीसाठी थोडी पाने कुटावी लागत, तर त्या भुकटीच्याही पुड्या बांधून परत. कॉलेजातला ओव्हन कायम बिघडलेला, म्हणून सुरुवातीला पाला ताईंच्या ओव्हनमध्ये वाळे. त्या दिवाळीच्या नानकटाईला जांभळाच्या पाल्याचा वास आला तेव्हा ताई म्हणाल्या, "या घरात एक तर पाला राहील, नाही तर मी." साडू उत्तर द्यायच्या आधी थोडा विचार करत थांबले, याचा ताईंना जास्त राग आला. तेव्हापासून वाळलेली, वजन झालेली पोती आमच्या गॅलरीत येऊ लागली. आम्ही नाशिकरोडला, स्टेशनजवळ. इगतपुरीकडे जाणारी पॅसेंजर पकडायला ते सोयीचे पडे.

अशी काही वर्षे गेली. त्या रानाचा हिशेब लागत आला होता. एवढे जुने जंगल अजूनही देण्यापेक्षा जास्त घेते की नाही, याचे उत्तर आणखी थोडा काळ सलग मोजले की मिळणार होते. साडू निवृत्तीला आले होते आणि त्यांना एवढे एकच उत्तर हवे होते. मला हवी होती गॅलरी. पोत्यांमुळे तिथे खुर्ची मावत नसे, पाल्यात झुरळे होत, शेजारी विचारीत की काय साठवले आहे.

त्या वर्षी होळीच्या दुपारी सोसायटीतली मुले दारावर आली. "काका, होळीला काही द्या." ही डाळ घेऊन गिरणीत गेली होती. मी गॅलरीकडे पाहिले. पोती कोणाची, हे मला पक्के माहीत होते. मनात असेही आले की जंगलात पाल्याला काय तोटा, साडूंना दुसरा मिळेल. मुलांनी पोती ओढत नेली. मी गॅलरी झाडली, खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र वाचत बसलो. फार बरे वाटले, हे लिहायलाच हवे.

संध्याकाळी साडू आणि ताई पुरणपोळीला आले. आम्ही खाली होळीपाशी उभे राहिलो. सुका पाला भसकन पेटला आणि ज्वाळा पहिल्या मजल्यापर्यंत गेल्या. साडूंनी मुलांना गोळा करून व्याख्यान सुरू केले, "बघा, झाडानं वर्षभर जमवलं ते हे. परत हवेत चाललं." मग मध्येच थांबून नाक वर केले. "अंजनीचा वास येतोय. नाशिकरोडला अंजनी कुठून आली?" कोणी लक्ष दिले नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बरी आठवण झाली. पुढच्या आठवड्यात पोती न्यायची आहेत. सोमाबाबा वाट बघत असतील. शब्द दिलाय ना." परत नेण्याचे त्यांनी आधीही सांगितले असणार. मी मान हलवली असणार. ते नीट ऐकले ते मात्र त्या वेळी. एक पोते अजून पूर्ण पेटले नव्हते. मी म्हणालो, "चला, पोळ्या गार होतील."

पुढच्या आठवड्यात ते पोती न्यायला आले. गॅलरीत खुर्ची. "साडूभाऊ, पोती?"

"तुम्ही नेलीत की," मी म्हणालो. "परवा मी बाहेर गेलो होतो, येऊन बघतो तर गॅलरी मोकळी. मला वाटलं, तुम्हीच येऊन गेलात."

आतून ही म्हणाली, "दाजी, तुमचं काही खरं नाही. त्या दिवशी देवळात गेले होते, तेव्हा आला असाल." होळीपासून परवापर्यंत गॅलरीचे दार मी काही ना काही सांगून बंदच ठेवले होते, म्हणून हिला खरेच तसे वाटले होते. साडूंनी कपाळाला हात लावला. आपल्या विसरभोळेपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि माझ्यावरही. थोडा वेळ आठवत बसले, आणि मग त्यांना आठवू लागले. आपण आलो होतो. पोती घेतली होती. पॅसेंजरमध्ये चढवली होती. नक्कीच गाडीत राहिली.

मग आम्ही शोधायला निघालो. 'आम्ही' म्हणजे ते आणि मी. नाशिकरोड, देवळाली, घोटी, इगतपुरी, प्रत्येक स्टेशनवर जाऊन चौकशी केली. "काय होतं पोत्यात?" "पाला." "कसला?" "सुका." इगतपुरीच्या बाबूने पेन खाली ठेवून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "काका, सुका पाला कोण चोरील?" मी तावातावाने त्याच्याशी भांडलो. परतीच्या गाडीत साडू म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात म्हणून धीर आहे."

पाडव्याला ते रिकाम्या हाताने गावात गेले आणि स्वतःच सांगून मोकळे झाले. सोमाबाबा रागावले नाहीत. म्हणाले, "देवाचं देवाला नाय आलं. आता मोजनं बास करा, मास्तर." साडूंनी त्याच दिवशी झोळ्या सोडल्या. पट्ट्या तेवढ्या राहिल्या, काढताना सालीला ओरखडे नकोत म्हणून. मी म्हणालो, कोणाकडून तरी वशिला लावू, परवानगी आणू. तर म्हणाले, "परवानगी मिळेल हो. शब्द गेला ना." ते काम त्यांनी कधी छापले नाही. अपुरा हिशेब छापायचा नसतो, एवढेच म्हणाले. मात्र पुढे त्यांनी त्याचा किस्सा केला, आणि तो दरवर्षी वाढत गेला. गाडीत खिडकीशी एक फौजी आला, त्याची ट्रंक आली, ट्रंकेला टेकवलेली पोती आली. सगळे हसत. मीही हसे, आणि ते एखादा तपशील विसरले तर तो पुरवतही असे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दम लागू लागला. भेटायला गेलो तेव्हा बोटाला तो प्राणवायू मोजायचा चिमटा लावून बसले होते. बोट पुढे करून म्हणाले, "बघा, शेवटी मलाही पट्टी बांधली." मी ठरवून गेलो होतो. म्हणालो, "साडूभाऊ, ती पोती..."

"अजून तेच घेऊन बसलात?" ते हसले, त्यांना खोकला आला. "गाडीत राहिली. आजही तो फौजी मला डोळ्यांपुढे दिसतो. पण तुम्ही तेव्हा माझ्याबरोबर सगळी स्टेशनं पालथी घातलीत, ते मी विसरलो नाही. एरवी मी सगळं विसरतो." ताई चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो. पुढच्या रविवारी सांगू, असे ठरवून निघालो. त्या रविवारी त्यांचा तिसरा दिवस होता.

मागच्या महिन्यात मी त्या गावात जाऊन आलो. तिथे अजून त्यांना 'पाला हरवलेला मास्तर' म्हणतात, निदान ते तरी दुरुस्त करावे म्हणून. सोमाबाबा राहिले नाहीत. त्यांच्या सुनेने ओट्यावर बसवून पाणी दिले, हातातले तांदूळ निवडणे न थांबवता सगळे ऐकले.

"मास्तरला सांगितलं व्हतं का हे?"

"नाही."

"मंग बाबा, आमाला सांगून काय व्हनार?" असे म्हणून तिने देवराईकडे हात केला. "लांबून आला हायेत. जाऊन या."

आत एका अंजनीवर पट्टी सापडली. साल तिच्यावरून चढली आहे, स्प्रिंगचे टोक तेवढे बाहेर दिसते. मोजायला कोणी नव्हते तरी झाड वाढत राहिले होते. साडूंनी तिथेच ते टोक चिमटीत धरून मला काहीतरी समजावले असते आणि मी मान हलवली असती. मी बोट लावून पाहिले. जे बोलायचे होते ते तेव्हा अगदी नीट जुळून आले, ऐकायला मात्र तिथे कोणी नव्हते. साडूभाऊ, गाडीत कोणी फौजी नव्हता. पोती मी होळीला दिली, आणि तुम्हाला अंजनीचा वास आला तो खरा होता. तुम्ही काहीही विसरला नव्हता. मला माफ करा.